नोंद कुठल्या दप्तरात आहे, ते आधी पाहा

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत या वेळी महापालिकेच्या कामांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. बहुतेकांचे कागद पूर्ण आहेत. अर्ज भलत्या ठिकाणी गेलाय किंवा पोच घेतलेली नाही, एवढ्यावरच काम अडलंय.

प्रश्न : मुलीचा जन्म २०१९ साली मुलुंडच्या रुग्णालयात झाला. जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही आणि आता पासपोर्ट काढायचाय. आम्ही पहिल्यापासून ठाण्यात राहतो, तरी इथल्या प्रभाग कार्यालयात अर्ज घेत नाहीत. (मानपाडा)

उत्तर : जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते. आईवडील कुठे राहतात, याचा तिच्याशी संबंध नसतो. मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबई महापालिका सुरू होते आणि मुलुंडची नोंद तिच्या टी विभाग कार्यालयात असते. ठाण्यातल्या कार्यालयाकडे तुमच्या मुलीची नोंदच नाही, त्यामुळे ते नाव कशात घालणार? टी विभागात जा.

नाव घालायला अजून वेळ आहे. पहिल्या १२ महिन्यांत हे काम विनाशुल्क होतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून करता येतं. नाव नसलेला मूळ दाखला, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि शाळेचं बोनाफाईड बरोबर न्या. बोनाफाईडवर आणि आधारवर मुलीचं नाव वेगवेगळं असेल, तर आधी ते एक करून घ्या.

अर्ज भरताना घाई करू नका, कारण एकदा घातलेलं नाव पुढे बदलता येत नाही, फक्त चूक दुरुस्त होते. नावाच्या रकान्यात नुसतं ‘वैष्णवी’ लिहिलं, तर दाखलाही तसाच निघतो आणि मग आडनाव कुठून आणायचं, हा प्रश्न पासपोर्टच्या वेळी उभा राहतो. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहा. इंग्रजी स्पेलिंग स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून द्या. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, शेवटी आय की वाय, हे टंकलेखकावर सोडू नका. दाखला हातात आला की खिडकीवरच आईचं नावसुद्धा अक्षर अक्षर वाचा.

चूक राहिलीच, तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९च्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतो. लेखनिकाची चूक असेल तर काम सोपं असतं. तपशीलच चुकला असेल, तर घटना माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं.

(जन्माची नोंदच झाली नसेल, तर प्रकरण वेगळं. नोंदणीची मुदत २१ दिवसांची. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी. वर्ष उलटल्यावर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागे. १ ऑक्टोबर २०२३पासून हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे.)

प्रश्न : पत्त्यात ‘नवी मुंबई’ आहे, मग बेलापूरच्या महापालिका मुख्यालयात आमचा अर्ज का चालत नाही? (खारघर)

उत्तर : नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघा ते बेलापूर आहे. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत येतात आणि ती महापालिका १ ऑक्टोबर २०१६ला अस्तित्वात आली. तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड, त्यामुळे उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखलासुद्धा पनवेल तहसीलमधून मिळेल. वाशी-नेरुळवाल्यांसाठी तेच काम ठाणे तहसीलचं. २०१६च्या आधीच्या खारघरच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या काळातल्या आहेत. त्या मागताना अर्जात तसं स्पष्ट लिहा.

प्रश्न : नौपाड्यात फ्लॅट घेऊन चार वर्षं झाली. शेअर सर्टिफिकेटवर आमचं नाव आलं, मालमत्ता कराचं बिल मात्र जुन्या मालकाच्या नावाने येतं. ते आपोआप बदलत नाही का?

उत्तर : बदलेल असं धरून चालू नका. दस्ताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे, सभासदत्व सोसायटीकडे आणि कराची नोंद महापालिकेकडे, अशी ही तीन वेगळी दप्तरं आहेत. महापालिका अधिनियमातल्या कर नियमांप्रमाणे विकणारा आणि घेणारा या दोघांनीही हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांत द्यायची असते. मालकाचा मृत्यू झाला असेल, तर वारसांना एक वर्ष मिळतं. सूचना दिली नाही, तर जुन्या मालकावरची कराची जबाबदारी सुटत नाही, म्हणून विकणाऱ्यानेही यात लक्ष घालावं.

अर्जाला इंडेक्स टू (दस्त नोंदवल्याचा निबंधक कार्यालयाचा उतारा), नोंदणीकृत करारनाम्याची प्रत, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि चालू वर्षाची कर भरल्याची पावती जोडा. थकबाकी असेल तर आधी ती भरा, तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत असते.

करारनाम्याची झेरॉक्स काढल्यावर प्रत्येक पानावरचा नोंदणीचा शिक्का बघा. त्यात ‘टनन’ (ठाण्याच्या निबंधक कार्यालयाची खूण), दस्त क्रमांक, वर्ष आणि खाली ‘१२/६४’ असा पानाचा आकडा असतो. ६४ पानांपैकी एखादं गळलं की फाईल परत येते. झेरॉक्सवाल्याकडे मागची-पुढची बाजू काढताना नेमकं हेच होतं.

जुन्या मालकाने बिल्डरकडून फ्लॅट घेतल्यावर स्वतःचंही नाव लावलं नसेल, तर त्याच्या कराराची प्रतही लागेल. साखळीतला मधला दुवा सुटला तर हस्तांतरण होत नाही. वारसाहक्काच्या प्रकरणात सोसायटीतलं नामनिर्देशन पुरेसं धरू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीचे वारस हक्क सोडणार असतील, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याची जमीन असेल, तर सिडकोच्या दप्तरातलं हस्तांतरण हे आणखी एक वेगळं काम आहे. आणि करबिलावर नाव आलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, मूळ दस्त जपून ठेवा.

प्रश्न : दाखल्यासाठी अर्ज देऊन दोन महिने झाले. दरवेळी ‘साहेब नाहीत’ किंवा ‘आणखी एक कागद आणा’. आता कोणाकडे जायचं? (कळवा)

उत्तर : तुमच्याकडे पोच आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या सेवेला ठरलेली मुदत असते. ती मोजायला अर्जाची तारीख सिद्ध व्हावी लागते. अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक एवढं सगळं हवं. नुसता गोल शिक्का घेऊन परतू नका, आवक क्रमांकाशिवाय तुमचा कागद रजिस्टरमध्ये सापडत नाही.

‘आणखी एक कागद’ हे तोंडी सांगणं फार नडतं, कारण अर्ज दाखलच झाला नाही तर मुदतही सुरू होत नाही. शांतपणे म्हणा, “अर्ज घ्या आणि त्रुटी लेखी द्या.” प्रतिज्ञापत्र मागितलं तर ते कोणत्या नियमाखाली, हे विचारा. ९ मार्च २०१५च्या शासन निर्णयाने बऱ्याच कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं.

सेवा, शुल्क, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि दोन्ही अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याच्या निकालानंतर ३० दिवसांत दुसरं आणि पुढे ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलात तक्रारीचा पाढा नको. आवक क्रमांक, तारीख, सेवेचं नाव, संपलेली मुदत, इतकं पुरतं.

हा कायदा अधिसूचित सेवांपुरताच आहे. खड्डा किंवा पथदिव्याच्या तक्रारीचं काय झालं, हे हवं असेल तर माहितीचा अधिकार वापरा. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका. ‘आवक क्रमांक अमुक या अर्जावरील टिपणीच्या प्रती द्याव्यात’ असं मागा.

प्रश्न : सोसायटीच्या आवारातल्या झाडाची फांदी विजेच्या तारेवर टेकलीय. आमचंच झाड आहे, तोडू का? (ऐरोली)

उत्तर : परवानगीशिवाय नको. १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा खासगी आवारालाही लागू आहे. विभाग कार्यालयामार्फत उद्यान विभागाकडे अर्ज करा. खोड, फांदी आणि तार एकत्र दिसतील असा फोटो जोडा. त्याच दिवशी महावितरणलाही लेखी कळवा, वीजप्रवाह बंद केल्याशिवाय त्या फांदीला कोणी हात लावता कामा नये. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नका, ओल्या फांदीतून प्रवाह खाली उतरतो. तोवर झाडाखालची पार्किंगची जागा रिकामी ठेवा.