बुरशीचा प्रकार आधी, औषध नंतर

वाचकांच्या अलीकडच्या बहुतेक पत्रांत एकच गृहीतक दिसते: बुरशी एकाच प्रकारची असते आणि तिच्यावरचे औषधही एकच. ते चुकीचे आहे, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: वडिलांना म्युकरमायकोसिस (काळी बुरशी, म्हणजेच म्युकर) झाला आहे. शिरेतून दिल्या जाणाऱ्या साध्या अँफोटेरिसिन या बुरशीनाशकाने त्यांना हुडहुडी भरते. महागडे लायपोसोमलच घ्यावे का? (औसा)

उत्तर: म्युकरमध्ये लायपोसोमलला (चरबीच्या सूक्ष्म कणांत बसवलेल्या अँफोटेरिसिनला) प्राधान्य आहे, कारण मूत्रपिंडांना होणारी इजा कमी असते. मात्र दोन्हींचे डोस वेगळे आहेत. लायपोसोमल साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 5 मिलिग्रॅम देतात, तर साधे 1.5 मिलिग्रॅमच्या वर कधीच देत नाहीत, आणि येथे झालेली अदलाबदल जिवावर बेतते. औषध तुम्हालाच बाहेरून आणावे लागत असेल, तर कुपीवरचे पूर्ण नाव परिचारिकेसोबत वाचून घ्या. हे औषध 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, सलाइनमध्ये नव्हे. हुडहुडी आधी औषध देऊन कमी करता येते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक), पोटॅशियम व मॅग्नेशियमची रक्ततपासणी मात्र चुकवू नये. खर्चाबाबत महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आजच भेटा.

प्रश्न: म्युकर रुग्णाजवळ बसल्याने लागतो का? (नांदेड)

उत्तर: नाही.

प्रश्न: महिनाभर इट्राकोनाझोल घेऊनही गजकर्ण जात नाही. रोज सकाळी पित्ताची गोळी चालू आहे. मेडिकलमधून मलमही आणले आहे. (परभणी)

उत्तर: इट्राकोनाझोलची कॅप्सूल शोषली जाण्यासाठी जठरात आम्ल लागते, पित्ताची गोळी नेमके तेच कमी करते. कॅप्सूल जेवणासोबत घ्यावी आणि पित्ताच्या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार असल्यास किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्यास तेही आवर्जून सांगावे. आता मलमाविषयी. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. त्याने खाज दोन दिवसांत निवते आणि बुरशी पसरत राहते. तीन-चार औषधे एका ट्यूबमध्ये कोंबून खपवणे हा व्यापार आहे. त्याला उपचार म्हणू नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: ऊस तोडताना पाते डोळ्याला लागले. मेडिकलच्या ड्रॉपने लाली कमी झाली, पण आता बुबुळावर पांढरा ठिपका आहे. (माजलगाव)

उत्तर: आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि ती बाटली सोबत न्या, कारण त्यात स्टेरॉइड असू शकते. बुबुळ हलकेच खरवडून नमुना तपासतात. बुरशी आढळल्यास बहुधा 5 टक्के नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाला घालावे लागतात व उपचार कित्येक आठवडे चालतो. टोळी मुकादमाकडे सुटी मागत बसण्याची ही वेळ नाही.

प्रश्न: आईची साखर 400 च्या वर आहे. एका बाजूचे नाक बंद असून गाल बधिर झाला आहे. डॉक्टर नाकातला तुकडा तपासायचा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, तुकडा काढला की आजार पसरतो. शेजाऱ्यांकडे व्होरिकोनाझोलच्या उरलेल्या गोळ्या आहेत. त्या सुरू करून घरचे लग्न उरकल्यावर तपासणी केली तर चालेल का? (भोकरदन)

उत्तर: चालणार नाही. लग्न पुढे ढकलता येते. व्होरिकोनाझोल ॲस्परजिलस या वेगळ्या बुरशीसाठी उत्तम औषध आहे, पण म्युकरवर ते काम करत नाही. म्हणजे गोळ्या पोटात जात राहतील आणि बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकत राहील. तुकडा काढल्याने आजार पसरतो, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. उलट तो तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बहुधा त्याच दिवशी दिशा कळते: म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, आडवे पडदे जवळजवळ नसलेले दिसतात, तर ॲस्परजिलसचे अरुंद, पडदे असलेले आणि लघुकोनात फाटे फुटलेले. आणखी एक गोष्ट, जी आमच्याच व्यवसायातही वारंवार चुकते: सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रावणात) टाकला की बुरशी मरते आणि प्रयोगशाळेत ती वाढवून तिचा नेमका प्रकार ओळखता येत नाही. म्हणून एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवला आहे ना, हे नम्रपणे पण जरूर विचारा. मात्र कल्चरच्या, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्याच्या, अहवालासाठी उपचार थांबवायचे नसतात. संशय बळकट असेल, तर अँफोटेरिसिन, साखरेवर तातडीचे नियंत्रण आणि सडलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया ही तिन्ही कामे एकदमच सुरू होतात. टाळूवर काळा डाग दिसण्याची वाट पाहू नका. तो उशिरा दिसतो. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर पोसाकोनाझोल या बुरशीनाशकाच्या गोळ्या चालू आहेत. बरे वाटते, थांबवू का? (जालना)

उत्तर: स्वतःहून थांबवू नका. कधी थांबायचे, हे दुर्बिणीची तपासणी, स्कॅन आणि साखर पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी न चघळता, न तोडता, जेवणासोबत घ्या. गोळी आणि पातळ औषध यांचे डोस सारखे नसतात, म्हणून दुकानदाराने एकाऐवजी दुसरे दिल्यास परत करा, आणि दुसरे कोणतेही औषध सुरू होण्यापूर्वी पोसाकोनाझोल चालू असल्याचे सांगा.