उमेदवाराला ‘नाही’ म्हणणारं कोण आहे?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मत देणार आहात, तर उमेदवारात नेमकं काय बघायचं: धोरणं, अनुभव, चारित्र्य की आणखी काही?

राज्यघटनेला विचाराल तर ती तीनच अटी घालते. जन्मानं नागरिक हवा, वय किमान ३५ हवं आणि देशात १४ वर्षं वास्तव्य हवं. (१९५१ पासून आणखी एक: दोनदा निवडून आलेला माणूस पुन्हा निवडून येऊ शकत नाही.) बाकी सगळी पारख तिनं तुमच्या-माझ्यावर सोडली आहे.

मी पहिलं मत दिलं २००० साली. नवा नागरिक, त्यात पेशानं स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्यामुळे वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले, एक बुश यांचा, एक गोर यांचा. डावीकडे मुद्दे: सरकारी तिजोरीत जमलेल्या शिलकीचं काय करायचं (हो, तेव्हा शिल्लक होती आणि तिचं काय करायचं यावर निवडणूक लढवली जात होती!), सोशल सिक्युरिटी (म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन), म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचा खर्च, शाळा. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण आणि खाली बेरीज. फार जबाबदार वाटलं होतं स्वतःला.

त्या पानावर दहशतवाद हा शब्द नव्हता. अफगाणिस्तान नव्हतं, इराक नव्हतं. दहा महिन्यांनी ११ सप्टेंबर २००१ उजाडला आणि माझ्या बेरजेला काही अर्थच उरला नाही. दुसऱ्या देशांची घडी बसवायला आपलं सैन्य वापरू नये, असं बुश त्या वर्षीच्या डिबेटमध्ये म्हणाले होते. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. प्रश्नपत्रिकाच बदलली. हे काही नवीनही नव्हतं. १९१६ साली अध्यक्ष विल्सन यांचा प्रचार ‘यांनी आपल्याला युद्धापासून लांब ठेवलं’ या मुद्द्यावर चालला होता, आणि एप्रिल १९१७ मध्ये त्यांनीच काँग्रेसकडे (म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे) युद्धाची घोषणा मागितली.

म्हणून जाहीरनामा मी वाचतो, पण माणूस कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे एवढं कळण्यापुरताच. त्यातलं बरंचसं एकट्या अध्यक्षाच्या हातात नसतंच. कर आणि खर्च या गोष्टी काँग्रेसच्या. ‘मी आल्या आल्या करून टाकीन’ असं कुणी म्हणालं की आधी बघायचं, हे काम सहीनं होणारं आहे की कायद्यानं.

मग अध्यक्षाच्या हातात काय असतं? माणसं. नवा अध्यक्ष आला की सुमारे ४,००० राजकीय नेमणुका करायच्या असतात आणि त्यांतल्या १,२०० हून जास्त नेमणुकांना सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागते. त्याच्या टेबलावर येणारी प्रत्येक माहिती या माणसांच्या गाळणीतून येते. त्यामुळे मी आता एकच प्रश्न धरून बसतो: या उमेदवाराला ‘नाही’ म्हणणारं जवळ कोण आहे, आणि आजवर ज्यांनी ‘नाही’ म्हटलं त्यांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न मला राजकारणानं नाही, नोकरीनं शिकवला. एका कंपनीत आमचा साहेब हुशार होता, बोलायला वाघ. एका बैठकीत नुकत्याच लागलेल्या मुलीनं सांगितलं की तळघराच्या भिंतीत पाइपासाठी ठेवायचं भोक आपल्या ड्रॉइंगमध्ये तीन फूट सरकलंय. साहेब हसला, म्हणाला, ‘बघू.’ पुढच्या आठवड्यात ती मुलगी त्या कामावर नव्हती. त्यानंतर त्या बैठकांमध्ये कुणी काही बोललं नाही. मीही नाही. काँक्रीट पडलं, फर्मा निघाला, आणि मग पाइपवाला येऊन विचारायला लागला की भोक कुठंय. भिंत कापली, आतल्या सळ्या कापल्या, त्यांच्या बदल्यात बाहेरून पोलादी पट्ट्या बसवल्या. ते भोक सरकल्याचं खोलीतल्या निदान चौघांना ठाऊक होतं.

व्हाइट हाउसमध्येही असंच होतं, फक्त तिथं भिंत कापून भागत नाही. एप्रिल १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी कॅस्ट्रो यांची सत्ता उलथवायला क्युबातल्या ‘बे ऑफ पिग्ज’ या किनाऱ्यावर सुमारे १,४०० निर्वासित क्युबन उतरवले. बेत आधीच्या सरकारपासून चालत आलेला, सीआयएनं आखलेला. शंभराहून जास्त मेले, जवळजवळ १,२०० पकडले गेले. केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी या बेताविरुद्ध लेखी टिपणं दिली होती, पण बैठकीत ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःलाच दोष दिला. उघडपणे विरोध केला तो सिनेटर फुलब्राइट यांनी, म्हणजे बाहेरच्या माणसानं.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि म्हणूनच मला ती आवडते. फजिती झाल्यावर दोनच दिवसांनी केनेडींनी पत्रकारांसमोर सांगितलं की या सरकारचा जबाबदार अधिकारी मी आहे. लोकांनी काय करावं? पाठिंबा ८३ टक्क्यांवर गेला. (केनेडींना स्वतःलाच याचं नवल वाटलं म्हणतात.) आणि त्याहून महत्त्वाचं, त्यांनी बैठकीची रीतच बदलली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात रशियन क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा सेनाप्रमुख हवाई हल्ल्याचा आग्रह धरून होते. त्या दिवसांत केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. आपण समोर बसलो की माणसं आपला चेहरा बघून बोलतात, हे त्यांना कळलं होतं. शेवटी नाकेबंदीचा मार्ग निवडला गेला. क्युबात छोटी अण्वस्त्रं आधीच पोचलेली होती, हे अमेरिकेला कित्येक वर्षांनी समजलं. दीड वर्षात तोच माणूस, तेच पद, बरेचसे तेच सल्लागार. बदललं ते एवढंच की आता समोरच्याला ‘नाही’ म्हणता येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, निवडून येण्याआधी हे कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार. ती त्याची पहिली मोठी नेमणूक असते आणि ती तो तुमच्या डोळ्यांदेखत करतो. प्रचारात या माणसाकडे फार कुणाचं लक्ष नसतं, पण हिशेब बघा: आजवर नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले, आठ मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. ट्रुमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते तेव्हा रूझवेल्ट गेले. अणुबाँब तयार होतोय हे ट्रुमनना तोवर कुणी सांगितलंही नव्हतं. १९४४ च्या प्रचारात रूझवेल्ट यांची तब्येत किती खालावली आहे हे मतदारांना नीट कळू दिलं नव्हतं. म्हणून तब्येतीबद्दल विचारणं मला अजिबात असभ्य वाटत नाही. चार वर्षांचं कंत्राट देताय.

दुसरी खूण, चूक झाल्यावर तो किती वेळ घेतो. अध्यक्ष फोर्ड यांचंच घ्या. भला माणूस, यात वाद नाही. पण ६ ऑक्टोबर १९७६ च्या डिबेटमध्ये ते बोलून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारा पत्रकार चकित झाला, त्यानं पुन्हा विचारलं, तरी फोर्ड ठामच. जीभ घसरणं समजू शकतं. पण ‘चुकलो’ म्हणायला त्यांनी पुढे कित्येक दिवस घालवले, आणि त्या दिवसांनी मूळ वाक्यापेक्षा जास्त नुकसान केलं. डिबेट मी बघतो ते एवढ्यासाठीच. कोण जिंकलं यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कोण काय दुरुस्त करतं, हे बघायला.

याच्या उलट टोकाला आयझेनहॉवर यांची चिठ्ठी. ते अध्यक्ष व्हायच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. नॉर्मंडीवर सैन्य उतरवायच्या आदल्या दिवशी त्यांनी एका छोट्या कागदावर पेन्सिलीनं अपयशाचं निवेदन लिहून ठेवलं. घाई आणि ताण इतका की तारीख ५ जूनऐवजी ५ जुलै टाकली. त्यातली खाडाखोड मला सगळ्यात बोलकी वाटते. आधी त्यांनी ‘ही मोहीम’ अशी सुरुवात केली होती. ते खोडून ‘हल्ला करण्याचा माझा निर्णय’ असं केलं. आणि शेवटी, दोष असेल तर तो एकट्या माझा आहे, या शब्दांखाली रेघ ओढली. कागद पाकिटात घातला. चढाई यशस्वी झाली, चिठ्ठी लागलीच नाही, काही आठवड्यांनी ती त्यांच्या सहायकाच्या हाती पडली. कॅमेरा नाही, सल्लागार नाही, आणि हा गृहस्थ ‘मोहीम’ खोडून ‘माझा निर्णय’ लिहितोय. अशी खाडाखोड उमेदवाराच्या आयुष्यात कुठं सापडते का ते मी शोधतो. गव्हर्नर असेल तर एखादं वादळ, एखादा फसलेला प्रकल्प. सिनेटर असेल तर नंतर चुकीचं ठरलेलं एखादं मत. त्याबद्दल तो आज ‘मी’ म्हणतो की ‘परिस्थिती’?

तिसरं, त्याच्याकडे काम करून बाहेर पडलेली माणसं. कुणाला नोकरीवर घेताना आपण जुन्या कंपनीत चौकशी करतो, तसंच. एकदोघं रागानं बोलणारच. पण जवळून काम केलेल्यांची रांगच लागत असेल, किंवा आज भोवती फक्त भाट आणि नातेवाईक उरले असतील, तर तो माझ्यासाठी लाल दिवा.

भोवतीची माणसं म्हणजे काय चीज असते ते बघायचं तर अध्यक्ष हार्डिंग. १९२० मध्ये साठ टक्के मतं. देखणा, भारदस्त, गोड बोलणारा, सिनेमात अध्यक्षाच्या भूमिकेसाठी शोधूनही असा मिळाला नसता. नेमणुका मात्र मित्रमंडळींच्या. टीपॉट डोमच्या तेलसाठ्यांच्या लाचखोरीत त्यांचे गृहमंत्री आल्बर्ट फॉल पुढे तुरुंगात गेले. इथला गृहमंत्री पोलीस खातं बघत नाही, सरकारी जमिनी आणि खनिजं बघतो. मंत्रिपदावरच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते पहिलेच. त्यांच्या कितीतरी आधीचे अध्यक्ष ग्रँट यांचंही तेच. स्वतः पैशाला शिवले नाहीत असं बहुतेक इतिहासकार मानतात, पण भोवती लुटारू. तेव्हा ‘माणूस प्रामाणिक आहे हो’ एवढ्यानं माझं समाधान होत नाही.

आणि लिंकन? १८५५ साली सिनसिनाटीतल्या एका पेटंटच्या खटल्यात एडविन स्टँटन या नामांकित वकिलानं त्यांना सरळ बाजूला बसवलं, अपमान केला. सहा-सात वर्षांनी, यादवी युद्धाच्या ऐन भरात, लिंकननी त्याच स्टँटनना युद्धमंत्री केलं. वर ते विरोधी पक्षाचे. हे मन मोठं असल्याचं लक्षण म्हणून सांगतात, मला ते निव्वळ व्यवहारज्ञान वाटतं. काम येणारा माणूस हवा होता, जी-हुजूर करणारे भरपूर होते.

एक सावधगिरी. शोभेचा ‘नाही’वालाही असतो. केनेडींनंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे जॉर्ज बॉल नावाचे अधिकारी होते, व्हिएतनाममध्ये गुंतू नका म्हणून वारंवार लिहून देणारे. जॉन्सन त्यांचं ऐकून घेत, सगळ्यांना सांगतही असत की बघा, मी दुसरी बाजूही ऐकतो. जुलै १९६५ मध्ये सैन्य ७५,००० वरून १,२५,००० वर नेलं. तेव्हा फक्त ‘ऐकतो’ म्हणणाऱ्याला विचारा, ऐकून मत बदललं असं एक उदाहरण सांग.

चारित्र्याचं विचारलंत म्हणून सांगतो: घरगुती भानगडींत मला रस नाही, पैशाच्या व्यवहारांत आहे. अनुभवाचं म्हणाल तर तो असावाच, पण कुठल्या पदावर किती वर्षं यापेक्षा त्या वर्षांत काय केलं ते बघा. आणि खरी निवड करायची असेल तर नोव्हेंबरची वाट बघू नका, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, मत द्या. तिथं मतदान कमी होतं, त्यामुळे तुमच्या मताला वजन जास्त. नोव्हेंबरपर्यंत ताटात बहुतेक दोनच पदार्थ उरतात.

शेवटचं, मतपत्रिकेवर अध्यक्षाच्या नावापाशी थांबू नका. खाली सिनेट आणि प्रतिनिधिगृहाची नावं असतात. ७ ऑगस्ट १९७४ ला, वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन महाभियोगाच्या उंबरठ्यावर असताना, तिघं जण व्हाइट हाउसमध्ये त्यांना भेटायला गेले: ॲरिझोनाचे सिनेटर गोल्डवॉटर, पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर स्कॉट आणि ॲरिझोनाचेच प्रतिनिधी ऱ्होड्स. तिघंही निक्सन यांच्याच पक्षाचे. सिनेटमध्ये तुमच्या बाजूनं मोजकीच मतं उरली आहेत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी रात्री निक्सननी टीव्हीवर राजीनामा जाहीर केला. त्या तिघांना तिथवर पोचवलं होतं ते दोन राज्यांतल्या, मतपत्रिकेच्या तळापर्यंत वाचत गेलेल्या मतदारांनी.