पहिले दोन मैल

लीड्स, गुरुवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय पोरी,

दहा मैल, २९ मिनिटं ४१ सेकंद, आणि खाली रडका चेहरा. तो चेहरा आधी पुसून टाक. इथले जुने सायकलवाले ताशी २० मैलांच्या वेगाला 'ईव्हन्स' म्हणतात. दहा मैल तिसाव्या मिनिटाच्या आत म्हणजे ईव्हन्सच्या वर, तेही पहिल्याच टाइम ट्रायलला (म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीला) आणि साध्या हँडलच्या सायकलवर. माझ्या पहिल्या वेळी घड्याळात काय दिसलं होतं ते मी तुला अजून सांगितलेलं नाही आणि या पत्रातही सांगणार नाही.

तुझ्या मेसेजचा दुसरा भाग मी दोनदा वाचला. तीन आठवडे रात्री जागून स्टालिनच्या काळातल्या घरांबद्दल वाचतेयस, सकाळी पाय उचलत नाहीत, तेव्हा काका, दोन्हींतलं काय सोडू? आणि शेवटी जाता जाता टाकलेलं ते वाक्य: 'मी तिथे असते तर शेजाऱ्याविरुद्ध कधीच सही केली नसती.'

काहीच सोडू नकोस. पण रस्त्यावर जी चूक केलीस तीच पुस्तकातही करते आहेस, असं मला वाटतं. म्हणून हे लांबण.

आधी रस्ता. तुझे आकडे पाहिले. पहिले दोन मैल ५ मिनिटं ५ सेकंदांत, म्हणजे ताशी साडेतेवीस मैल. उरलेले आठ मैल साडेएकोणीसने. वेग पाचव्या हिश्शाने वाढवायचा तर हवेशी झगडायला जवळजवळ पावणेदोन पट ताकद लागते, कारण ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढत जाते. ती तू पहिल्या पाच मिनिटांत उधळलीस. उधळताना तुला ते जाणवलं नसणार, हे मला माहीत आहे. टाइमकीपर पाच-चार-तीन मोजतो, मागे सीट धरून उभा असलेला माणूस सोडतो, पाय ताजे असतात. हृदयाचे ठोके वर यायलाच मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि तोवर स्नायू श्वासाच्या हिशेबाबाहेरची शिल्लक खात असतात. जो जोर पाच मिनिटं टिकायचा, तो तासभर टिकेल असं त्या वेळी अगदी मनापासून वाटतं. वाण्याकडून उधारीवर सामान आणताना पिशवी कधी जड लागते का? वही महिनाअखेरीला उघडते. तुझी पाचव्या मैलाला उघडली.

वाऱ्याचंही तसंच. जाताना वारा समोरून होता, तू वैतागलीस, आणि वळल्यावर 'आता भरून काढते' असं ठरवलंस. भरून निघत नाही. पाच मैल ताशी २० ने गेलीस तर १५ मिनिटं, पाच मैल ताशी ३० ने आलीस तर १० मिनिटं. एकूण २५ मिनिटं, म्हणजे सरासरी २४. पंचवीस नव्हे. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून थोडा जादा जोर खर्चायचा तो तिथे. वारा पाठीशी आला की किंचित सैल सोडायचं. मनाला हे उलटं वाटतं. पण मन तेव्हा सुरुवातीच्याच धुंदीत असतं.

माझ्या पहिल्या शर्यतीत मी बैलासारखा सुटलो होतो. वळणाच्या अलीकडे मागून एक साठीच्या बाई आल्या. माझ्यानंतर तीन मिनिटांनी सुटलेल्या. शेजारून जाताना शांतपणे 'मॉर्निंग' म्हणाल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्यांच्या मागे चिकटून हवा वाचवावी तर नियमात बसत नाही. चिकटायची ताकद तरी कुठे होती म्हणा.

तुला या खेळाचा इतिहास कोणी सांगितलाय का? तुझ्या वाचनामुळे तो तुला जास्त आवडेल. १८९४ मध्ये लंडनच्या उत्तरेला हमरस्त्यावर एका शर्यतीतल्या सायकलस्वारांमुळे घोडागाडीचा अपघात झाला. पोलिसांनी कान पिळले. रस्त्यावरची घोळक्याची शर्यत पुढे सायकल संघटनेनेच बंद करून टाकली. त्या अपघातात सापडलेल्यांपैकी एक, बिडलेक नावाचा गृहस्थ, त्याने तोड काढली: एकेकट्याने सुटायचं, घड्याळाशी लढायचं, बघणाऱ्याला ही शर्यत आहे असं वाटताच कामा नये. १८९५ च्या ऑक्टोबरात नॉर्थ रोड क्लबने अशी ५० मैलांची पहिली शर्यत घेतली. मग पिढ्यान्पिढ्या लोक पहाटे, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, आपण कुठे चाललोच नाही असा चेहरा करून जीव तोडून सायकल मारत राहिले. शर्यतीच्या कागदावर 'खाजगी व गोपनीय' छापायचे. रस्त्यांना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक दिले, ते अजून तसेच आहेत. हल शहराजवळचा व्ही७१८ हा त्यातलाच. २०१६ मध्ये मार्चिन ब्यावोब्वोत्स्की या पोलिश स्वाराने तिथे दहा मैल १६ मिनिटं ३५ सेकंदांत काढले. वाहत्या हमरस्त्याची कृपा त्यात असतेच, तरीही.

ही गुपितं मला फार गोड वाटतात. कारण पकडलं गेलं तर होऊन होऊन काय होणार होतं? हवालदाराची बोलणी, फार तर दंड.

आता तुझं पुस्तक.

सोव्हिएत घराशी माझी पहिली भेट सांगलीत झाली, वह्यांच्या कव्हरांमधून. गुळगुळीत कागदाचं एक सोव्हिएत मासिक स्वस्तात यायचं आणि जूनमध्ये त्याची पानं वह्या-पुस्तकांना चढायची. माझ्या भूगोलाच्या वहीवर एक कुटुंब होतं: जेवणाचं टेबल, पांढरा टेबलक्लॉथ, गुबगुबीत मुलगी. वर्षभर मी त्या घरात राहिलो असं म्हटलं तरी चालेल. त्या घराच्या भिंतीपलीकडे कोण राहतं हे कव्हरवर नव्हतं.

तू 'कोम्मुनाल्का'बद्दल वाचते आहेस: एकेका खोलीत एकेक कुटुंब, स्वयंपाकघर आणि संडास सामाईक, दारावरच्या घंटेला प्रत्येकाचे वेगळे ठोके (एकदा वाजली तर अमक्यांकडे, तीनदा वाजली तर तमक्यांकडे), कित्येक ठिकाणी संडासात प्रत्येकाचा वेगळा दिवा आणि वेगळं बटण. 'काका, ही तर चाळ!' असं तू लिहिलंस. मलाही तसंच वाटलं होतं. माझी मावशी लालबागला चाळीत राहायची. तिथे भांडण चार बिऱ्हाडांना ऐकू जायचं, आणि कोणाकडे बोंबील तळले ते पाच. पण हे साम्य एका पायरीवर संपतं. चाळीत कानावर पडलेल्याची कुचाळकी व्हायची. कोम्मुनाल्कात त्याचा गुप्त पोलिसांकडे अर्ज होऊ शकत असे, आणि अर्जावर माणूस तुरुंगात जाऊ शकत असे, आणि मोकळी झालेली खोली कोणाला तरी मिळत असे. १९३७-३८ या दोन वर्षांत राजकीय गुन्ह्यांखाली ६,८०,००० च्या वर माणसं गोळी घालून मारल्याची नोंद त्यांच्याच दप्तरात आहे. घरच्यांना पुष्कळदा एवढंच कळवलं जाई: 'दहा वर्षं, पत्रव्यवहाराच्या हक्काविना.' बायका दहा वर्षं मोजत बसत. त्या शब्दांचा अर्थ माणूस कधीच संपवलाय असा होता.

रशियनमध्ये कुजबुजणाऱ्याला दोन शब्द आहेत. कोणी ऐकेल म्हणून हळू बोलतो तो 'शेप्चुश्ची', आणि वरिष्ठांच्या कानात जाऊन सांगतो तो 'शेप्तून'. तुझं 'मी कधीच सही केली नसती' हे वाक्य असं गृहीत धरतं की ही दोन वेगळी माणसं असतात.

म्हणून तुला एका मुलाबद्दल सांगतो. स्तेपान पोदलुब्नी, युक्रेनच्या खेड्यातला, जन्म १९१४ चा. बापाला 'कुलाक', म्हणजे श्रीमंत शेतकरी ठरवून जमीन काढून घेतली आणि उत्तरेला हद्दपार केलं. आई आणि हा खोटी कागदपत्रं घेऊन मॉस्कोत आले. आपण कामगाराचा मुलगा असं सांगून हा कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वर्तमानपत्राच्या छापखान्यात लागला. आणि रोजनिशी लिहू लागला.

आपल्याला वाटतं, लपलेल्या माणसाची रोजनिशी म्हणजे तिथे तरी तो सरकारला शिव्या घालत असेल. पोदलुब्नी तिथे स्वतःला तपासत बसतो. आपल्यात कुलाकाचं काही उरलंय का, आपण खरे सोव्हिएत तरुण होतोय की नाही, इच्छाशक्ती किती वाढली, कुठे कमी पडलो. तुझ्या त्या सरावाच्या वहीसारखी आहे गं ती, आज काय केलं, काय करायला हवं होतं. त्याला खरोखर त्यांच्यातला एक व्हायचं होतं. मग गुप्त पोलिसांनी त्याला बोलावलं आणि सहकाऱ्यांची माहिती द्यायला लावलं. पुढे १९३७ च्या अखेरीस त्याच्या आईलाच अटक झाली.

आता सांग, हा कोण? लपलेला, भाबडा, चुगलखोर की बळी? पहिल्या पन्नास पानांत मी त्याला 'लबाड' म्हणून टाकलं होतं. पेन्सिलने समासात लिहिलंय तसं, अजून आहे. शंभराव्या पानाला मला ते खोडावंसं वाटलं. शेवटाला माझ्याकडे त्याच्यासाठी शब्दच उरला नाही. माझा राग गेला असं समजू नकोस. ज्यांनी निव्वळ खोलीसाठी शेजारी घालवला त्यांच्याबद्दल मला आजही दया येत नाही, आणि तुला यायला हवी असंही मी म्हणणार नाही. पण हा निकाल देण्याआधी दमायला लागतं. तुझं वाक्य दमलेल्या माणसाचं नव्हतं, ताज्या पायांचं होतं.

एक सोपी सवय लाव. पुस्तकात कोणाबद्दल ठाम मत झालं की तारखेसह समासात लिही आणि पुढे चल. विशेषतः सरकारी फॉर्मची प्रकरणं येतील तिथे. बाप कोण, काय करत होता, सामाजिक मूळ कोणतं, हे नोकरीला, कॉलेजला, सगळीकडे विचारत. सोळा वर्षांच्या मुलीने एकदा खोटं लिहिलं की पुढचा प्रत्येक फॉर्म तेच खोटं मागायचा. मग नवऱ्यापासूनही ते लपवायचं. अशी जोडपी होती की वर्षानुवर्षं एका घरात राहिली आणि दोघांनीही आपापला अटक झालेला बाप एकमेकांना सांगितला नव्हता. तिथे थांब. दुसऱ्या दिवशी पुढे वाच.

रात्री मात्र वाचू नकोस. शर्यतीच्या आदल्या रात्री १९३७ तर अजिबात नको. मी केलंय ते. त्या पुस्तकांत अटक करणारे रात्रीच येतात; पहाटे तीनला लिफ्टचा आवाज आला तर उठून बसलो. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. दुपारी, उजेडात, चहा घेऊन वाच.

आणि प्रत्येक फेरी अॅपवर टाकायलाच हवी का? किती वाजता घर सोडलं, कुठून गेलीस, ठोके किती पडले, हे सगळं जगाला फुकट? तुझं वाचन चालू असताना तरी या प्रश्नाने तुला खाज सुटायला हवी होती. मी वहीत लिहितो. म्हातारा आहे, सोडून दे.

अॅमॅच्युअर (हौशी खेळाडू) म्हणजे नक्की कोण, असंही विचारलं होतंस. १९७२, ७६ आणि ८० या तिन्ही ऑलिंपिकमध्ये १०० किलोमीटरच्या सांघिक टाइम ट्रायलचं सुवर्ण सोव्हिएत संघाने नेलं. कागदोपत्री सगळे अॅमॅच्युअर, म्हणजे पगार सैन्याचा किंवा कारखान्याचा आणि काम सायकल मारणं. आपल्या इथली बेरिल बर्टन रूबार्बच्या (आंबट देठांच्या एका भाजीच्या) शेतात राबायची आणि सुट्टीला शर्यती मारायची. १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत ती २७७.२५ मैल गेली, पुरुषांच्या विक्रमापेक्षा जास्त. त्या दिवशी पुरुषांत पहिला येणाऱ्या माइक मॅकनमाराला तिने रस्त्यात गाठलं आणि ओलांडताना त्याला ज्येष्ठमधाची गोळी देऊ केली. त्याने घेतली. त्याच वर्षी ट्रॅकवरच्या परस्यूटचं (एकमेकींचा पाठलाग करायच्या शर्यतीचं) जगज्जेतेपद सोव्हिएत युनियनच्या तमारा गार्कुशिनाने घेतलं आणि रस्त्यावरचं बेरिलने. दोघींच्या घरची संध्याकाळ कशी असेल, हा विचार माझ्या डोक्यात अधूनमधून येतो.

रविवारी २५ मैल आहेत. रविवार असणं हीसुद्धा चैन समज. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने आठवडा पाच दिवसांचा केला, कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. यंत्रं थांबेनात, पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. दोन वर्षांत ते बदलावं लागलं, तरी सगळ्यांचा मिळून एक रविवार परत यायला १९४० उजाडलं.

तुझा नंबर १४, म्हणजे सहा वाजून चौदा मिनिटांनी सुटणार. शून्याने संपणारे नंबर वेगवान लोकांचे, ते मागून येऊन ओलांडतील, मान वळवू नकोस. सव्वापाचला हॉलवर ये, आधी सही करायची आणि संपल्यावर परत येऊन पुन्हा सही करायची, नाहीतर वेळ धरत नाहीत. मागचा-पुढचा दिवा चार्ज कर. सेफ्टी पिना चार नव्हे, सहा आण, नंबर फडफडतो. नंतर चहा आणि केक आहे, लेमनचा संपण्याआधी घे.

मी दोन मैलांच्या खुणेपाशी उभा असेन, पिवळं जॅकेट. ओरडणार नाही. फक्त तुझा चेहरा बघणार आहे. तिथे तू मला कंटाळलेली दिसायला हवीस.

तुझा,
काका