दया नको, हाफ-थर्टी द्या

प्रश्न : मी बेचाळिसाव्या वर्षी टेनिस शिकलो. माझा मित्र शाळेपासून खेळतो. आमचे सेट ६-१, ६-२ असेच संपतात. अलीकडे तो माझ्यासाठी मुद्दाम हळू मारतो आणि ते मला हरण्यापेक्षा जास्त लागतं. दोघांनाही जीव ओतून खेळता येईल असा काही मार्ग आहे का?

आहे. पण आधी मित्राला हळू मारणं बंद करायला सांगा. मी रविवारचा खेळ लावायला लागले तेव्हा हीच चूक केली होती. जोरकस खेळणाऱ्या एका बाईंना म्हटलं, “नवीन मुलगी आहे, जरा सांभाळून घ्या.” बाई कंटाळल्या आणि मुलगी महिन्याभरात यायची थांबली. तिला पॉइंट मिळत होते, पण ते आपण कमावलेले नाहीत हे तिला कळत होतं. याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मी कुणालाही आपला खेळ कमी करायला सांगितलेलं नाही. बदल करायचा तो मोजणीत.

टेनिसची मोजणी (पॉइंटांचा गेम, गेमचा सेट) लहान फरक मोठा करून दाखवते, हे तुमच्या ६-१ मागचं खरं कारण. सर्व्हिस कुणाची हा भाग बाजूला ठेवू आणि तुमचा मित्र शंभरातले ६० पॉइंट जिंकतो असं धरू. म्हणजे ४० तुम्ही जिंकता, हे काही थोडे नाहीत. पण एवढ्या फरकावर तो शंभरातले ७४ गेम जिंकेल आणि सेट तर पंचाण्णवहून जास्त. तेव्हा ६-१ ने हरणारा माणूस सहापट कच्चा नसतो.

पुढच्या दोन-तीन भेटींत गेम मोजू नका, कागदावर नुसते पॉइंट टिपा. साधारण ६०-४० निघाले, तर जुन्या लॉन टेनिसमधला हाफ-थर्टी हॅंडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मोजणीत दिलेली सवलत, तुम्हाला चपखल बसेल. गेममधले पॉइंट १५, ३०, ४० असे मोजतात, म्हणजे पंधरा हा एक पॉइंट आणि तीस म्हणजे दोन. त्यात पहिला गेम तुम्ही पंधरावरून सुरू करायचा, दुसरा तीसवरून, तिसरा परत पंधरावरून, असं आलटून पालटून. मी हिशेब मांडून पाहिला आहे. प्रत्येक गेमला नुसते पंधरा दिले तर मित्र ५८ टक्के गेम जिंकतो, सरसकट तीस दिले तर ३७ टक्के. हाफ-थर्टीत हा आकडा ४७ वर येतो, म्हणजे जवळजवळ बरोबरी. फरक ५५-४५ इतकाच निघाला तर हाफ-फिफ्टीन घ्या. त्यात पहिला गेम कोरा, दुसऱ्याला पंधरा, तिसरा पुन्हा कोरा.

तीसची सुरुवात मला स्वतःला फारशी आवडत नाही. दोन बरे फटके बसले की गेम खिशात, मग खेळायचं काय? त्यापेक्षा ‘देणं’ लावा. मित्राच्या डोक्यावर तीसचं देणं. दोन पॉइंट जिंकल्यावर तो शून्यावर येणार, तिथून पुढे नेहमीसारखं. ६०-४० च्या फरकावर यातही तो ५१ टक्के गेम जिंकतो, पण गेम लांबतो आणि तुम्हाला पूर्ण चार पॉइंट कमवावेच लागतात. शिकणाऱ्यासाठी हे फार चांगलं.

हॅंडिकॅप किती हे त्या-त्या दिवशी ठरवत बसू नका. वहीत लिहून ठेवा. सलग दोन सेट एकाच बाजूला गेले, की एक पायरी वर किंवा खाली. घासाघीस नाही, समजूत काढणं नाही. आणि ६-६ झाले तर टायब्रेकच्या, म्हणजे सेटचा निकाल लावणाऱ्या जादा गेमच्या, भानगडीत न पडता बरोबरी लिहा.

प्रश्न : आम्ही आठ जण, कोर्ट दोन, वेळ दोन तास. एखादा सेट ड्यूसवर (४०-४० ची बरोबरी, तिथून सलग दोन पॉइंट जिंकावे लागतात) अडकला की सगळं वेळापत्रक कोलमडतं. शिवाय तगडी जोडी एकत्र आली की उरलेल्यांचा हिरमोड होतो.

सेट खेळणं सोडा. असं सांगितलं की काही जण “हे टेनिस नव्हे” म्हणतात, म्हणून थोडा इतिहास सांगते. जिमी व्हॅन ॲलन या अमेरिकन गृहस्थांनी लांबणाऱ्या सामन्यांना वैतागून अख्खी नवी मोजणीच मांडली होती. त्यात एकेक पॉइंट मोजत ३१ पर्यंत जायचं आणि दर पाच पॉइंटनंतर सर्व्हिस बदलायची. ती रुजली नाही, पण त्यांच्याच खटपटीतून टायब्रेक आला आणि १९७० मध्ये यूएस ओपनने तो स्वीकारला. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या एटीपी या संघटनेच्या डबल्समध्ये तर २००६ पासून ड्यूसला एकच निर्णायक पॉइंट असतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक.

तुमच्यासाठी फेरीला २४ पॉइंट ठेवा. चौघांनी प्रत्येकी सहा सर्व्ह करायचे, संपलं. निकाल १४-१० येईल, १२-१२ सुद्धा येईल, येऊ द्या. अशी फेरी पंधरा मिनिटांत आटोपते, म्हणजे दोन तासांत सात फेऱ्या बसतात. आणि आठ जणांत सात फेऱ्या हा सुंदर आकडा आहे. नीट मांडणी केली तर प्रत्येक जण उरलेल्या सातही जणांचा एकेकदा जोडीदार होतो. पॉइंट जोडीच्या नव्हे, प्रत्येकाच्या नावावर चढवा. मग तगडी जोडी टिकते ती पंधरा मिनिटं.

गेम खेळायचेच असतील तर चार गेमचा छोटा सेट घ्या आणि ड्यूसला निर्णायक पॉइंट. बाजू रिसीव्ह करणाऱ्यांनी निवडायची. मिक्स्ड डबल्स असेल तर पुरुषाची सर्व्हिस पुरुषाने घ्यायची, बाईची बाईने. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाद ठरलेला.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची नात आता मला हरवते. ती म्हणते, “आजोबा, प्रत्येक गेमला पंधरा घ्या.” मला ते पटत नाही. जिंकायची इच्छा मात्र अजून आहे.

आजोबा, तुमच्यासाठी बिस्क आहे. बिस्क म्हणजे सेटमध्ये तुम्हाला हवा तेव्हा मागून घ्यायचा एक पॉइंट. प्रत्येक गेमला आयतं काही मिळत नाही, मोजके पॉइंट हातात असतात आणि ते कधी खर्चायचे हे तुमच्या डोक्यावर. नात धावण्यात पुढे असेल, पण इथे अनुभव कामी येतो. बिस्क सर्व्हिस होण्याआधी मागायचा, रॅली हरल्यावर नाही, एवढं तिच्याशी पक्कं ठरवा. सेटला तीनपासून सुरुवात करा. ३०-४० वर असताना ड्यूस करण्यात एकही घालवू नका, पुढचे दोन पॉइंट तरीही जिंकावे लागतात. ४०-३० झालं की मागा, गेम तिथेच तुमचा. आणि एक बिस्क ४-४ नंतरसाठी शिल्लक ठेवा. तो तुमच्याकडे आहे हे तिला ठाऊक असलं, की तिची दुसरी सर्व्हिस डळमळायला लागते.