सोलरच्या धंद्यात नव्यानं उतरताना

भावा, वेंडर नोंदणी झाली, छान. पण पॅनल बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरी कसरत कागदांची.

गिऱ्हाइकाच्या छतावर चढायच्या आधी लाइट बिल माग. आपल्याकडं कितीतरी घरांत बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतं. अर्ज नातवाचा, खातं नातवाचं, मीटर आजोबांचं, मग सबसिडीचं घोडं तिथंच अडतं. आधी नाव बदलून घ्यायला सांग, मगच ॲडव्हान्स घे.

पीएम सूर्यघरमध्ये, म्हणजे घराच्या छतावर सोलर बसवायच्या केंद्राच्या योजनेत, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, पण गिऱ्हाइकाच्या खात्यात, तेही नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागून तपासणी झाल्यावर. हे कोटेशनवरच लिही. ‘सबसिडी वजा करून बाकीचे द्या’ असं तोंडी बोललास की पैसा तुझा अडकला. मीटरला उशीर झाला तरी शिव्या तुलाच, पोर्टल बंद पडलं तरी तुलाच.

सबसिडीला डीसीआर, म्हणजे भारतातच बनलेल्या सेलची पॅनलच लागतात. वर चढवायच्या आधीच सिरीयल नंबरांचे फोटो काढ. नंतर लातूरच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर पालथं पडून स्टिकर वाचायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

५ वर्षांची देखभालही तुझ्याच गळ्यात. नियम कडक आहेत याचं मला वाईट वाटत नाही. लोकांना फसवणारे आपल्यातच निघाले. राग येतो तो याचा, की स्वस्तात लावून फोन बंद करणाऱ्याला आणि आपल्याला एकाच मापानं मोजतात.

आणि हो, अर्थिंगच्या रीडिंगचा, म्हणजे जमिनीच्या रोधाच्या आकड्याचा, फोटो फाइलीत लाव. खडकाळ जागेत हे रीडिंग लवकर खाली येत नाही, म्हणून घाई करू नकोस.