लिहिता येते, मग परवानगी का बदलता येत नाही?

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. लिनक्स सर्व्हरवरील साठ्याच्या फाइलमध्ये मला नोंदी करता येतात. पण ‘सीएचमॉड’ या आज्ञेने तिच्या परवानग्या बदलू पाहिल्या की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर येते. मागील वर्षाच्या बंद केलेल्या फाइलसाठी तर रूटलाही, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यालाही, हेच उत्तर मिळाले. असे का व्हावे?

उत्तर : फाइलमध्ये लिहिण्याची परवानगी तिच्या मजकुरापुरती असते. परवानग्या बदलायच्या असतील, तर विनंती करणारा फाइलचा मालक असावा लागतो किंवा त्याच्या प्रोसेसकडे, म्हणजे चालू प्रोग्रामकडे, ‘कॅप फाउनर’ ही क्षमता (एक खास अधिकार) असावी लागते. हे बंधन मला अत्यंत आवश्यक वाटते. ते नसते, तर नोंदी करणाऱ्या कोणालाही ती फाइल सर्वांसाठी खुली करता आली असती. मालकी दुसऱ्याच्या नावावर करणे तर खुद्द मालकालाही जमत नाही; त्यासाठी ‘कॅप चाऊन’ ही वेगळी क्षमता लागते.

‘सीएचमॉड’ केवळ विनंती पोहोचवतो आणि निर्णय कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घेतो, त्यामुळे स्वतःचा प्रोग्राम लिहूनही ही तपासणी टाळता येत नाही. विनंती कर्नलमधील ‘नोटिफाय चेंज’ या फंक्शनपाशी आली की फाइलवर ‘अपरिवर्तनीय’ किंवा ‘फक्त पुढे जोडा’ अशी खूण आहे का, हे आधी पाहिले जाते. मग एसईलिनक्ससारखी सुरक्षा यंत्रणा चालू असल्यास तिचे मत घेतले जाते आणि त्यानंतर एक्स्ट४सारखी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवणारी व्यवस्था) मालकीची तपासणी करते. यांपैकी एकीने जरी नकार दिला, तरी बदल होत नाही.

रूटला नकार मिळाला, तो बहुधा या पहिल्याच टप्प्यावर. फाइलवरच्या खुणा दाखवणारी ‘एलएसअ‍ॅटर’ ही आज्ञा देऊन पाहावी. त्या फाइलपुढे ‘अपरिवर्तनीय’ या खुणेचे ‘आय’ (i) हे अक्षर दिसल्यास कोणीतरी ती मुद्दाम गोठवलेली आहे. रूटला ‘सीएचअ‍ॅटर’ या आज्ञेने ती खूण काढता येते, परंतु बंद वर्षाच्या हिशेबावरची खूण काढण्यापूर्वी ती ज्याने लावली त्याला विचारलेले बरे.

हिशेबनिसाच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. मालकाला ‘टच’ ही आज्ञा वापरून फाइलच्या बदलाची तारीख मागे नेता येते, मात्र त्याच क्षणी कर्नल ‘सीटाइम’ या रकान्यात चालू वेळ नोंदवतो आणि तो रकाना हवा तसा भरण्याची सोय त्या आज्ञेत नाही. ‘स्टॅट’ या आज्ञेने दोन्ही वेळा शेजारी-शेजारी पाहता येतात.