इंग्रजीत सल्ला मागताना आपले नेमके कुठे चुकते?

आपण विक्रोळीहून येऊन तीन वर्षे हिशेब विभागात काम करता, आणि आपला प्रश्न असा आहे की, मराठी माध्यमातून शिकल्यामुळे कार्यालयातील अमराठी वरिष्ठांना इंग्रजीत सल्ला विचारताना व्याकरण चुकेल, अदब राहणार नाही अशी भीती वाटते, त्यामुळे लिहायला घेतलेले पत्र अर्धवट राहते, तेव्हा एम.कॉम. करावे की सीएमए (खर्चाच्या हिशेबाचा व्यावसायिक अभ्यासक्रम), हे त्यांना शुद्ध इंग्रजीत कसे विचारावे? मी परळच्या एका मराठी शाळेत शिकलो आणि गेली 26 वर्षे बॅलार्ड इस्टेटमधील एका जहाज वाहतुकीच्या कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळतो आहे, म्हणून पुस्तकापेक्षा टेबलावरच्या अनुभवातूनच उत्तर देतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कामात अडलो असताना मी आमच्या पारशी साहेबांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली होती. तिच्यात एकच वाक्य होते: ‘आय वाँट युअर ॲडव्हाइसेस.’ संध्याकाळी चिठ्ठी परत आली तेव्हा ‘वाँट’ खोडून वर ‘वुड लाइक’ लिहिले होते, ‘ॲडव्हाइसेस’चे शेवटचे अक्षर उडवले होते आणि खाली बारीक अक्षरात पेन्सिलीने विचारले होते, ‘ऑन व्हॉट?’ म्हणजे, कशाबद्दल? व्याकरणाची दुरुस्ती पेन्सिलीच्या दोन फटकाऱ्यांत संपली होती. खरी उणीव तिसऱ्या ठिकाणी होती आणि तिचा व्याकरणाशी काहीच संबंध नव्हता.

आधी व्याकरणाचेच पाहू, कारण आपण ते विचारले आहे. मराठीत सल्ले मोजता येतात. ‘त्याने मला दोन सल्ले दिले’ हे वाक्य आपल्या कानाला मुळीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘ॲडव्हाइस’ हा शब्द दूध किंवा वाळू यांच्यासारखा वागतो, म्हणजे त्याचे अनेकवचन होत नाही आणि त्याच्या आधी ‘ॲन’ लागत नाही. ‘सम ॲडव्हाइस’ म्हणावे, आणि मोजायचाच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. माझी चूक कुठून आली हे मला पुढे कळले. बँकेतून येणाऱ्या जमा-नावेच्या सूचनेलाही ‘क्रेडिट ॲडव्हाइस’, ‘डेबिट ॲडव्हाइस’ म्हणतात आणि त्या कागदांचे अनेकवचन खुशाल होते. आपण हिशेब विभागात आहात, तेव्हा हा शब्द आपल्याही कानावर रोज पडत असणार. पण तिथे त्याचा अर्थ सूचनापत्र असा आहे, सल्ला असा नाही.

दुसरी बाब स्पेलिंगची. नाम असेल तर शेवटी ‘सी’ आणि उच्चार ‘स’. क्रियापद असेल तर ‘एस’ आणि उच्चार ‘माझा’मधल्या ‘झ’च्या जवळचा. मोठ्याने वाचून पाहिले की कानच निवाडा करतो. म्हणून पत्राच्या शेवटी जे ‘प्लीज ॲडव्हाइझ’ लिहितात त्यात ‘एस’ येतो. (ते दोन शब्द एकटेच लिहू नयेत असे माझे मत आहे; आदेशासारखे वाटतात.)

याहून अधिक चुका मात्र मराठीच्या वळणातून येतात, आणि त्या ओळखायला सोप्या असतात, कारण आपले मूळ वाक्य आपल्याला ठाऊक असते. ‘मला एखादा अभ्यासक्रम सुचवा’ यातला ‘मला’ आपण तसाच उचलतो आणि ‘सजेस्ट मी अ कोर्स’ लिहितो. ‘टेल मी’, ‘गिव्ह मी’, ‘शो मी’ चालते, मग ‘सजेस्ट मी’ का चालू नये, हा प्रश्न रास्त आहे. पण ते क्रियापद व्यक्तीला असे थेट जवळ घेत नाही. ‘कुड यू सजेस्ट अ कोर्स?’ एवढे पुरते. ‘एक्स्प्लेन मी’चीही तीच गत, तिथे ‘एक्स्प्लेन इट टू मी’ लिहावे लागते. ‘तीन वर्षांपासून काम करतो’ यातल्या ‘पासून’मुळे ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ तयार होते, कारण आपला ‘पासून’ कालावधीलाही चालतो आणि आरंभबिंदूलाही. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ आणि आरंभबिंदूला ‘सिन्स’ लागते, आणि दोन्हीकडे क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’ असे होते. ‘चर्चा त्याबद्दल करायची’ म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. तिथे ‘अबाउट’ नको.

‘शंका’ हा शब्द तर मोठा फसवा आहे. वर्गात आपण शंका विचारतो आणि एखाद्याच्या हेतूबद्दलही आपल्याला शंका येते. ‘डाउट’मध्ये मुख्यतः दुसरा अर्थ आहे. आपल्याकडच्या कार्यालयांत ‘आय हॅव अ डाउट’ सर्रास चालते आणि कुणाचा गैरसमज होत नाही. पण एकदा परदेशातील कार्यालयाला मी ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर इन्व्हॉइस’ असे लिहिले आणि तिकडून बिल खरे असल्याचे पुराव्यांसह चार पानी उत्तर आले. मला फक्त एका रकमेचा अर्थ विचारायचा होता. तिथे ‘क्वेश्चन’ हा शब्द हवा होता.

प्रश्नातील शब्दांचा क्रम हीही एक अडचण आहे. ‘अर्ज कुठे करावा?’ आणि ‘अर्ज कुठे करावा ते सांगाल का?’ या दोन्हींत मराठी क्रम हलत नाही. इंग्रजीत सुटा प्रश्न ‘व्हेअर शुड आय अप्लाय?’ असा होतो, पण तोच ‘कुड यू टेल मी’च्या पोटात गेला की ‘व्हेअर आय शुड अप्लाय’ असा सरळ होतो. ही एक गोष्ट हाताला लागली की लेखन लगेच सफाईदार दिसू लागते.

अदबीची काळजी आपण अकारण करता आहात असे मला वाटते. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ हा भेद नाही, म्हणून अदब क्रियापदाच्या रूपातून दाखवतात: ‘कॅन’ऐवजी ‘कुड’, ‘वाँट’ऐवजी ‘वुड लाइक’, किंवा ‘आय वाँटेड टू आस्क’ असा भूतकाळ. हा भूतकाळ आपल्याला परका नाही. साहेबांच्या केबिनच्या दारात उभे राहून आपण ‘सर, जरा एक विचारायचं होतं’ असेच म्हणतो. विचारायचे तर आत्ताच असते, तरी ‘होतं’ म्हणतो. तेच तिथे करायचे. त्यात वर ‘काइंडली’, ‘हंबली’, ‘रिस्पेक्टेड सर’ यांची भर घालण्याची गरज राहत नाही.

आता ‘ऑन व्हॉट’कडे येतो. ‘प्लीज गाइड मी फॉर माय करिअर’ हे वाक्य पुरते शुद्ध करून लिहिले तरी वाचणाऱ्याला त्यातून काहीच करता येत नाही. आपण कुठे आहोत, कोणत्या दोन वाटांपैकी निवडायचे आहे आणि अडचण काय आहे, एवढे आधी मराठीत कागदावर लिहून काढावे. आपण प्रश्नात दिलेल्या माहितीवरून मी मजकूर असा करीन: ‘आय हॅव बीन वर्किंग इन द अकाउंट्स डिपार्टमेंट फॉर थ्री इयर्स. आय ॲम ट्राइंग टू डिसाइड बिटवीन ॲन एम.कॉम. अँड द सीएमए कोर्स. आय कॅन स्टडी फॉर अबाउट टू अवर्स अ डे. आय वुड लाइक युअर ॲडव्हाइस ऑन विच ऑफ द टू वुड बी मोअर यूजफुल इन अवर वर्क. कुड यू स्पेअर मी टेन मिनिट्स धिस वीक?’ अभ्यासाचे दोन तास मी अंदाजाने घातले आहेत. विक्रोळीहून लोकलने येण्या-जाण्यातून आपल्याला खरोखर जेवढा वेळ उरत असेल तेवढा लिहावा, कारण उत्तर बहुधा त्याच आकड्यावर ठरेल. आणि हो, ‘स्पेअर’ला ‘मी’ चालतो. तक्रार करून उपयोग नाही.

भेटीनंतर आभाराचे पत्र लिहिताना एक जपावे. मराठीत ‘मी त्यांचा सल्ला घेतला’ म्हणजे त्यांना विचारले. पुढे ऐकले की नाही, हे त्यात येत नाही. इंग्रजीत ‘आय टुक हिज ॲडव्हाइस’ म्हणजे त्यांनी सांगितले तसे केले. तेव्हा भेटीच्या दिवशी फक्त ‘थँक यू फॉर युअर ॲडव्हाइस’ लिहावे आणि ‘आय टुक युअर ॲडव्हाइस’ हे वाक्य प्रवेश अर्ज भरल्याच्या दिवसासाठी राखून ठेवावे.